पंप पसंत करायचा उन्हाळा

ऊन चढायला लागलं, गल्लीत कुणाच्या तरी दारात मांडवाचे बांबू येऊन पडले, की बाकीच्या बायकांना वाळवणं आठवतात, माहेरचे आंबे आठवतात. मला पेट्रोलचा पंप आठवतो. रस्त्यावरचा नव्हे, गाडीच्या पोटातला. एवढीशी वस्तू, पण तिच्यापायी आमच्या घरात त्या उन्हाळ्यात जेवढी भांडणं झाली तेवढी माझ्या लग्नावरून झाली नाहीत. अहो, माझं स्थळ एका दुपारी पसंत झालं. माणसं आली, पोहे खाल्ले, चहा घेतला, मला नाव विचारलं, झालं. पंप पसंत करायला मात्र अख्खी लग्नसराई गेली.

परवा पुतण्यानं नवी गाडी दारात आणून उभी केली. मी नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि विचारलं, "पंप कुठाय रे हिचा?" तो म्हणाला, "काकू, पंप टाकीतच असतो आता. दिसत नाही." म्हटलं, "मग उन्हात बंद पडते का?" तर पोरगा माझ्याकडं असा बघायला लागला की जणू मी गाडीला वैरण काय घालतोस असं विचारलं. ज्यानं वऱ्हाडासकट बंद पडलेली गाडी बघितलीच नाही, त्याच्याशी काय बोलायचं? त्यानं मला त्या गाडीतून गार वाऱ्यात एक चक्कर मारून आणली. छान वाटलं. पण मन काही तिथं नव्हतं.

माझं माहेर बोरी, जिंतूर तालुक्यातलं. चांगलं मोठं गाव, काळी जमीन, ज्वारी-कापसाचं. पण त्या दिवसांत आसपासच्या तालुक्यांत बोरीचं नाव निघायचं ते बेगममुळं. बेगम म्हणजे आबांची, माझ्या वडिलांची, गाडी. हैदराबादच्या एका जहागीरदाराच्या घरून त्यांनी ती आणली होती. जहागिरी कधीच गेली होती, हौस तेवढी उरली होती, आणि हौसही दमली तेव्हा त्यांनी गाडी काढली. डाळिंबाच्या रंगाची, आमच्या ओसरीएवढी लांब, आणि पुढच्या झाकणाखाली आठ सिलिंडरचं इंजिन. परदेशातल्या कुणी ते वाऱ्याशी शर्यत लावायला केलेलं. आबांनी ते बोरी-जिंतूर रस्त्यावर बैलगाड्यांच्या मागं आणून सोडलं. बेगम सुरू झाली की गोठ्यातल्या म्हशी पान्हा चोरतात, असं आईचं म्हणणं होतं. गाडी कितीला घेतली हे आईनं आयुष्यभर विचारलं आणि आबांनी आयुष्यभर सांगितलं नाही.

बेगमला खोड एकच. तिला आमच्याकडचं ऊन सोसायचं नाही. तिचा पेट्रोलचा पंप इंजिनालाच चिकटलेला. इंजिन तापलं की तो तापायचा, नळीतल्या नळीत पेट्रोलची वाफ व्हायची आणि पंप बिचारा ती वाफच ओढत बसायचा. इंजिन उपाशी. मग बेगम दोन आचके द्यायची आणि गप्प. पळत असली तर वारा लागून कशीबशी निभायची, पण लग्नात कुठली गाडी पळते? तिला बोलवायचे ते नवरदेवाच्या परण्याला. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंतची ती मिरवणूक बँडवाल्यांच्या पावलानं चालणार, पुढं नाचणारी पोरं हटणार नाहीत, वर वैशाखाचं ऊन. मांडव समोर दिसायला लागला की बेगम टेकायची. इतकी नेमकी, की काही गावांतली माणसं तिथंच खाली उतरायची तयारी ठेवायची.

मग उपचार सुरू. गाव बदललं की उपचार बदलायचा. कुणी पंपावर ओलं फडकं टाका म्हणायचं, कुणी काळी माती थापायचं. गंगाकाठच्या, म्हणजे आमच्या गोदावरीकाठच्या, एका गावात तर शहाण्या माणसांनी पंपावर टरबुजाची अर्धी वाटी पालथी घातली आणि उरलेली अर्धी खाऊन टाकली. गंमत म्हणजे बेगम सुरू झाली. आईची दोन चांगली लुगडी फाडून ह्या फडक्यांच्या कामी गेली. "माज्या अंगावर धडुतं न्हाई आन् तुमच्या बेगमला रोज नवं लुगडं," असं ती म्हणायची. हे खोटं होतं, तिच्याकडं ट्रंकभर लुगडी होती, पण बोलायला लागली की आई हिशेब ठेवायची नाही.

आदल्या वर्षी मात्र देवगाव फाट्यावर कहर झाला. आत नवरा-नवरी, भर दुपार, आणि बेगम अशी बसली की माती झाली, फडकं झालं, पाणी झालं, उठेचना. शेवटी फाट्यावरच्या हॉटेलवाल्यानं कुठून तरी बैलजोडी आणली. आठ सिलिंडरची गाडी दोन बैल ओढायला लागले, आणि नवरीच्या हौशी मावशीनं बैलांच्या शिंगांना मुंडावळ्या बांधल्या. बँडवाल्यांना कुणी सांगायची गरज नव्हती, त्यांनी आपणहून वाजवायला सुरुवात केली. आबा त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. आत्या, म्हणजे आबांची थोरली बहीण, आमच्याकडंच असायची, ती म्हणाली, "कामून असं करायलास? माणूस मेलं का कुणी?" आबा म्हणाले, "मेलं असतं तर बरं हुतं."

तर अशा परिस्थितीत माझं लग्न ठरलं. पालमच्या घरी. हे तिथल्या शाळेत गणित शिकवायचे. साखरपुड्याला सगळे नीट बोलत होते, आणि माझ्या सासऱ्यांनी सुपारी कातरता कातरता सहज म्हटलं, "पाठवणीला आमी आमची जीप आणताव. तुमची बेगम राहू द्या. फाट्यावरची गोष्ट पालमपतुर आलीय." लोक हसले. आबा हसले नाहीत. ते उठून उभे राहिले. आमच्या आबांची मिशी म्हणजे गावातली बघण्यासारखी वस्तू होती. सकाळी तेल, संध्याकाळी तेल, आणि जेवताना ती वर धरायला डावा हात. त्या मिशीवर हात ठेवून त्यांनी भरल्या बैठकीत सांगितलं, "माझी लेक बेगममधीच येईल. दिवसाउजेडी, भर उन्हात येईल. वाटंत बेगम बंद पडली तर ही मिशी उतरवून तुमच्या हातात देतो, याहीबुवा."

सासरे म्हणाले, "ठरलं." आईनं आतमध्ये कपाळावर हात मारून घेतला. मला वाटलं, झालं, आता माझा संसार एका पंपावर येऊन ठेपला. आणि खरं सांगू? मलाही बेगममधूनच जायचं होतं. मी तिच्यात बसून शिकायला गेले होते, तिचं स्टिअरिंग धरून रिकाम्या शिवारात तिला पळवली होती. जीपमध्ये बसून परक्यासारखी गेले असते तर माहेर सोडल्याचं दुःख दुप्पट झालं असतं.

त्या वर्षी मी परभणीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. नामांतराचे दिवस. विद्यापीठाच्या नावावरून सगळा मराठवाडा पेटला होता, कधी बंद, कधी मोर्चा, कधी एसटी जिंतूरहून पुढं सोडतच नव्हते. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीच्या मामाचं घर जाळलं होतं. ती कॉलेजात यायची, शेवटच्या बाकावर बसायची, आणि आम्हाला तिच्याशी काय बोलावं ते समजायचं नाही. तिच्यापुढं माझ्या परीक्षेचं रडगाणं मी कधी गायले नाही. परीक्षा पुढं गेली, मी पुस्तकं घेऊन बोरीला आले, आणि लग्न महिन्यावर आलेलं असताना, मेंदी-शालूची चर्चा सोडून, पंपाच्या भानगडीत पडले.

परभणीत रशीदभाई मिस्त्रींचं गॅरेज होतं. रशीदभाईंना गाडीतलं पुष्कळ कळायचं, आणि जे कळायचं नाही ते ते जास्त मोठ्यानं सांगायचे. त्यांनी बेगमचं झाकण उघडलं, आत तोंड घातलं, बाहेर काढलं आणि निकाल दिला. "आबासाब, ये इंजिन का पंप निकालो, फेको. बिजली का पंप डालो. बॅटरी पे चलतंय. इंजिन गरम हुआ तो हुआ, इसको क्या लेना-देना!" आबांचा चेहरा उजळला. रशीदभाई हैदराबादच्या जुन्या बाजारात गेले आणि तीन पंप घेऊन बोरीला आले. जो पसंत पडेल तो ठेवायचा, बाकीचे परत.

तिन्ही पंप ओसरीवर पाटावर मांडले. आत्यानं तिघांनाही हळदकुंकू लावलं, कुठला राहील काय सांगावं म्हणून. बघायला अर्धं गाव जमलं. एक होता अगदी लहान, कुठल्याशा चिमुकल्या परदेशी गाडीतला. चालू केला की चिलटासारखा गुणगुणायचा. दुसरा मध्यम, काळासावळा, टक टक टक टक करत चालणारा. आणि तिसरा म्हणजे भला थोरला, नारळाएवढा, मिलिटरीच्या कुठल्या तरी इंजिनावरचा आहे असं रशीदभाई शपथेवर सांगत होते. तो चालू केला की कुत्री पळायची.

आता आमच्याकडं पंप म्हटला की माणूस विहिरीच्याच भाषेत विचार करतो. विहिरीवर मोटार बसली की पाइपाच्या तोंडाची धार किती लांब पडते, ह्यावर घराची इज्जत. सोयरिकीला आलेली माणसं आधी मळ्यात जाऊन धार बघायची, मग घरात येऊन पोरगा बघायची. तेव्हा बेगमसाठी पंप कसा निवडायचा ह्यावर पंचात मतभेद असायचं कारणच नव्हतं. ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली, बादलीत रॉकेल ओतलं, आणि धारेची परीक्षा सुरू झाली. लहान्याची धार पाटाच्या पुढं जाईना. लोकांनी त्याच्याकडं दयेनं बघितलं. मधल्याची धार ओसरीखाली पडली. "बरा हाय," एवढंच कुणी तरी म्हणालं. मग थोरल्याला तार जोडली. त्यानं गर्जना केली आणि त्याची धार अंगण ओलांडून, तुळशीवृंदावनाला वळसा न घालता, सरळ पलीकडं बाजेवर वाळत घातलेल्या आत्याच्या कुरडयांवर जाऊन पडली.

"मुडद्यानू, माज्या कुरडया!" आत्या धावली. इकडं टाळ्या वाजत होत्या. थोरला पसंत पडला. मी म्हणाले, "आबा, एवढा नको. हे बघा, धार लांब जाणं निराळं आन् पोट भरणं निराळं." आबा म्हणाले, "पोरी, तू परीक्षेचं बघ. कमी पडायपरीस जास्त पडलेलं बरं." त्या वर्षीच्या कुरडयांना तळल्यावरही रॉकेलचा वास यायचा. आत्यानं त्या टाकून दिल्या नाहीत. नको असलेल्या पाहुण्यांसाठी वेगळ्या डब्यात ठेवल्या.

थोरला बेगमला बसवला. बसवला कुठं, तर पुढं इंजिनाशेजारीच, म्हणजे झाकण उघडलं की चारचौघांना दिसला पाहिजे. आबांनी नवा फेटा बांधला, नारळ फुटला, चावी फिरवली. बेगमनं एक आरोळी दिली आणि तिच्या मागून काळ्याकुट्ट धुराचा असा लोट निघाला की पलीकडच्या आळीतली माणसं पाण्याच्या घागरी घेऊन आली. गाडी ठेचकाळत बाजारापर्यंत गेली, खोकली, आणि बसली. झाकण उघडलं तर कार्बोरेटरमधून पेट्रोल भळाभळा बाहेर. आई ओरडली, "आवं उतरा आधी, बिडीवाल्यांना हाकला!" आबा सगळ्यात शेवटी उतरले. बेगम आजवर उपाशी राहून बंद पडायची, आता अजीर्ण होऊन बंद पडली. आबांनी नकळत मिशीला हात लावून बघितलं. आहे का, म्हणून.

नंतर दोन दिवस घरात हाच वाद. रशीदभाईंचं म्हणणं, पंप उमदा आहे, कार्बोरेटरच नालायक. आबांचं म्हणणं, दोन्ही उमदे आहेत, पेट्रोलच भेसळीचं. मी म्हणाले, कार्बोरेटरमध्ये एक तरंगता गोळा असतो, आपल्या पाण्याच्या टाकीत असतो तसाच. पेट्रोल भरलं की तो वर येतो आणि सुईनं भोक बंद करतो. पण मागनं पंप हत्तीसारखा ढकलत असेल तर ती एवढीशी सुई काय अडवणार? आपल्याला पेट्रोल भरपूर पाहिजे, जोर नको. "जोर नको" हे शब्द आबांना समजेनात. त्यांच्या आयुष्यात कुणी पंपाबद्दल असं बोललं नव्हतं.

म्हणून मी पुन्हा बॅटरी मागवली, पुन्हा बादली मांडली. ह्या वेळी आत्यानं आधी वाळवणं आत नेली. पंप चालू करून मी नळीच्या तोंडावर अंगठा धरला. थोरल्यानं माझा अंगठा उडवून लावला आणि रॉकेल रशीदभाईंच्या दाढीवर. लहाना अंगठ्यानं अडला, पण सोडल्यावर बादली भरायला त्यानं इतका वेळ घेतला की आई मध्येच भाकरी टाकून आली. मधला अंगठ्याखाली शहाण्यासारखा थांबला, टक टक बंद केली, आणि अंगठा काढताच सुरसुर बादली भरायला लागला. "हा," मी म्हणाले.

आबा त्याच्याकडं बघत राहिले. "अंगठ्यानं अडतो, तो कसला गं पंप?"

"अडतो म्हणूनच तर पाहिजे. त्या सुईत माझ्या अंगठ्याएवढाच जोर हाय, आबा."

"लोक काय म्हणतील? आठ सिलिंडरला हे कुत्र्याचं पिल्लू बांधलं म्हणतील."

आई भाकरीच्या पिठाच्या हातानं बाहेर आली. "आवं, लेक सांगायलीय ते ऐका. मिशी तुमची जायची हाय, तिची न्हाई."

ह्यावर आबांनी तोंड कडू करून होकाराची मान हलवली. आज विचार करते तेव्हा मला हसू येतं. त्या पंपाला मी अंगठा लावून बघितलं, भरतो किती, थांबतो कुठं, चिडतो का, सगळं तपासलं. नवऱ्याच्या बाबतीत ह्यातलं काहीच केलं नव्हतं. ह्यांचं नशीब आणि माझंही.

पण श्रेय सगळं माझं नाही, हेही सांगायला पाहिजे. मधला पंपही रशीदभाई पुढंच बसवायला निघाले होते. आणि तिथं आबा एकदम उठून बसले. ते म्हणाले, "थांब रशीद. उन्हाळ्यात इहिरीचं पाणी तळाला गेलं की आपण काय करताव? मोटार खाली उतरवताव. वर बसून ओढायला लागली की हवाच ओढती. पाण्याजवळ नेली की ढकलती." आबांनी गाडीच्या मागच्या बाजूला बोट केलं. "टाकी मागं हाय ना? मग पंप मागं, टाकीच्या बुडाशी टाक. ओढूच नको म्हण तिला. ढकल म्हण." रशीदभाईंनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, "ये तो मैं बोलनेच वाला था." विहिरीनं आबांना एकदा फसवलं होतं, ह्या वेळी तारलं. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी सरळ त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, "आत्ताच कामून पडायलीस? अजून लग्नाला टाइम हाय."

तसं केलं. मागच्या सीटच्या खाली, टाकीच्या बुडाशी मधला बसला. इंजिनावरचा जुना पंप काढून टाकला आणि त्या भोकावर पत्र्याची चकती ठोकून दोन बोल्टांनी आवळली. रशीदभाईंनी एक बटणही बसवलं, डॅशबोर्डच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याशी. "आबासाब, कभी आग-बिग लगी तो पहले ये बंद करना. पेट्रोलच काट देना." बटण दाबलं की मागून टक टक टक टक असा भराभर आवाज यायचा, मग कार्बोरेटर भरला की आवाज सावकाश व्हायचा. मागं बसणाऱ्याला तो बरोबर ऐकू यायचा.

नंतरचा पंधरवडा आबा बेगमला भर दुपारी बाहेर काढायचे. जिंतूरला नेऊन आणायचे, उन्हात उभी करून नुसती चालू ठेवायचे, वरातीच्या चालीनं गावातून फिरवायचे. पुढं बँड नाही, मागं वऱ्हाड नाही, एकटे आबा फेटा बांधून गोगलगायीसारखे चाललेत, असं दृश्य बोरीनं रोज बघितलं. बेगम एकदासुद्धा थांबली नाही. आबा घरी आले की आईला विचारायचे, "लुगडं हाय का एखादं जुनं?" आई दचकून बघायची. "न्हाई, आता लागत न्हाई, म्हणून सांगायलोय."

लग्न झालं. अक्षता, पंगती, सगळं रीतसर. पाठवणीची वेळ झाली, दुपारच्या उन्हानं पत्रे तडतडायला लागलेले, कारण दिवस मावळायच्या आत मला पालमला माप ओलांडायचं होतं. सगळे रडत होते. आई, शेजारणी, मी, आणि कुणाच्या तरी कडेवरचं एक पोर, ज्याचा आमच्याशी संबंध नव्हता. आबा बेगमच्या टायरला लाथा मारून हवा बघत होते. ते स्टिअरिंगवर जाऊन बसले तेव्हा आत्यानं हटकलं. "आरं, बाप कधी पाठवणीला जातो का? कुठली रीत काढलीस ही?"

आबांनी चावी फिरवली. मागून टक टक सुरू झालं. "मी बाप म्हणून चाललोच न्हाई, आक्का. डायवर म्हणून चाललोय. बाप हितंच हाय, मांडवात."

पदरानं डोळे पुसत आत्यानं वाट सोडली.

मागं मी, शेजारी हे, पुढं आबा एकटे. सासऱ्यांची जीप आणि वऱ्हाडाचा ट्रक मागून. परभणीच्या बाजारात हातगाड्यांच्या मागं रांगत जावं लागलं, उन्हानं डांबर चिकटत होतं, बेगम हूं की चूं करेना. गॅरेजच्या दारात रशीदभाईंनी हात कपाळाला लावून सलाम केला. आबा मिशीतल्या मिशीत हसत होते, कसलं तरी भजन गुणगुणत होते, आरशातून जीप दिसते का बघत होते. ह्यांनी माझ्या कानाशी म्हटलं, "आबांची मिशी वाचली वाटतं." ते आमचं लग्नानंतरचं पहिलं बोलणं. गंगाखेड आलं. गंगेचा पूल ओलांडला. खाली वाळूत टरबुजांचे वेल पसरलेले, पाण्याची एक बारीक पट्टी, आणि सीटच्या खाली टक, टक, टक. जसं काही झालंच नाही.

गंगाखेड मागं पडलं तसं आबांचं भजन थांबलं. भजन थांबलं. गाडी सावकाश झाली. आरशात मला त्यांचे डोळे दिसत होते, आणि ते जीपकडं बघत नव्हते. पालमचा दगड दिसला. त्याच्या पुढं थोड्या अंतरावर रस्त्याच्या कडेला एक मोठा लिंब होता. मी बघत होते, आबांचा हात स्टिअरिंगवरून खाली गेला, गुडघ्याशी. सीटखालची टकटक थांबली.

इंजिन चालूच होतं. कार्बोरेटरमध्ये होतं तेवढं पेट्रोल बेगमनं पिऊन घेतलं, मग दोन आचके दिले आणि लिंबाच्या सावलीत येऊन गप्प झाली.

"अरेरे," हे म्हणाले. आबांनी हात परत स्टिअरिंगवर ठेवला. मागून जीप आली. सासरे उतरले, त्यांच्या मागं ट्रकमधली सगळी पालमची माणसं, हसू आवरत, काही न आवरता. "काय याहीबुवा? पडली का शेवटी?"

ज्या माणसानं बेगमबद्दल कुणाचा एक शब्द कधी ऐकून घेतला नाही, तो माझा बाप खाली उतरला आणि हात जोडून म्हणाला, "व्हय. पडली. ऊन लय हाय आज."

"मग मिशीचं कसं?"

"उतरवतो की. शबुद दिलाय."

आणि उतरवली. मांडवपरतणीला मी बोरीला गेले तेव्हा त्यांना ओळखायला मला क्षणभर वेळ लागला. पालममध्ये ही गोष्ट आजही लग्नात सांगतात, सगळे पोट धरून हसतात, हेही हसतात. ह्यांनाही खरं काय ते आज हे वाचूनच कळेल.

त्या दुपारी लिंबाखाली आबांनी झाकण उघडलं आणि आत बघत नुसते उभे राहिले. त्यांना पुढचं काही सुचलंच नव्हतं. फडकं नव्हतं, पाणी नव्हतं, आता लागतच नाही म्हणून बरोबर घेतलंच नव्हतं. सासरे चार पावलं पुढं यायला लागले, काय बिघडलंय ते बघायला. मी शालू सावरत खाली उतरले. वाटेत प्यायला दिलेल्या पाण्याचा फिरकीचा तांब्या घेतला. मागून कुणी तरी म्हणालं, "आगं, नवरीनं असं उतरू नये." मी त्यांच्यामधून पुढं गेले आणि आबांच्या शेजारी, सगळ्यांकडं पाठ करून उभी राहिले.

"सरका आबा," मी मोठ्यानं म्हणाले, "पंपावर पाणी घालते. थंड झाला की होईल सुरू."

आबांनी माझ्याकडं बघितलं. समोर इंजिनावर जुन्या पंपाच्या जागी पत्र्याची चकती होती, दोन बोल्टांनी आवळलेली. तिथं पंपच नव्हता. मी तांब्या वाकडा केला आणि त्या चकतीवर पाणी ओतायला सुरुवात केली. मागं लोक बोलत होते, हसत होते, कुणी पान लावत होतं. आबांचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता.

"सावकाश वत," ते हळूच म्हणाले. "घाई न्हाई."

मी धार बारीक केली.